साडेसाती : गणित किती आणि भीती किती?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पंचांग दोन कामांसाठी उघडले जाते. पहिले काम दर्याचे. आज तिथी कोणती, हे कळले की भरतीची वेळ काढता येते. आपल्या किनाऱ्यावर त्याचा एक जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो. आपल्यापैकी ज्यांनी पाऊणकीचे पाढे पाठ केले असतील, त्यांना हा हिशोब सोपा जाईल. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग. हे पंचांग खरे की खोटे, ते दर्या रोज दोन वेळा सांगतो. चूक झाली तर होडी गाळात रुतते.

दुसरे काम निराळे. घरात दुखणे आले, मुलीचे लग्न लांबले, लागोपाठ दोन हंगाम मासळी मिळाली नाही, की कोणीतरी विचारतो, “काय रे, साडेसाती तर नाही ना चालू?” आणि मग तेच पंचांग पुन्हा उघडते. कोळीवाड्यातच असे होते असे मुळीच नाही. घाटावरच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आणि शाळेच्या शिक्षक-खोलीतही हाच प्रश्न निघतो. “साडेसाती मागे लागली” हा तर मराठीतला वाक्प्रचारच होऊन बसला आहे. तेव्हा ही साडेसाती म्हणजे नेमके काय, ती मोजली कोणी आणि कशी, याचा इतिहास आज पाहू.

आधी मोजणी. शनी हा नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांमध्ये सर्वांत संथ. शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा, हे नावच त्याची चाल सांगते. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. तेव्हा एका राशीत तो सरासरी अडीच वर्षे असतो. आपल्या जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत असेल ती आपली रास. तिच्या मागची रास, ती स्वतः आणि तिच्या पुढची रास, अशा तीन राशींतून शनी जातो तो काळ म्हणजे साडेसाती. अडीच त्रिक साडेसात. यात गूढ काही नाही. हे साधे त्रैराशिक आहे.

राशींची ही पद्धत फार प्राचीन वैदिक आहे असा पुष्कळांचा समज असतो. वेदांगज्योतिषात सूर्य, चंद्र, तिथी आणि नक्षत्रे यांचे गणित आहे; बारा राशी तेथे नाहीत. राशी आणि जातकविचार ग्रीक लोकांशी संबंध आल्यानंतर इकडे रुजले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ग्रंथात शनीला ‘कोण’ असेही नाव आहे. ते ग्रीकांच्या ‘क्रोनोस’वरून आले. ग्रह कोणत्या राशीतून जात असता काय फळ देतो, याला गोचर म्हणतात. गोचराच्या रूढ नियमात जन्मराशीपासून तिसरा, सहावा आणि अकरावा शनी तेवढा चांगला. बाकीच्या नऊ राशींतला वाईटच. त्या नवांतल्या लागोपाठच्या तीन राशींची साडेसाती लोकांच्या मनात घर करून राहिली. शनिमाहात्म्याच्या पोथीने तिला कथा दिली. शनीची थट्टा करणारा विक्रम राजा चोरीच्या आळात सापडतो, हातपाय गमावतो, तेल्याच्या घाण्यावर बसतो आणि मुदत संपताच पुन्हा राजा होतो, ही गोष्ट शनिवारी घरोघर वाचली गेली. दुःखाला मुदत असते, हा त्या गोष्टीतला दिलासा आहे. लोकांनी ती उराशी धरली याचे नवल वाटायला नको.

आता आपल्या कोकणाकडे वळू. वर्सोव्याहून किनाऱ्याने दक्षिणेला गेले की मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगाव लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे थोर ज्योतिषी राहत होते. केशव रात्री आकाशात ग्रह पाहत आणि जुन्या ग्रंथांवरून काढलेले स्थान त्याच्याशी ताडून पाहत. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. त्यात कोणता ग्रह कोणत्या जुन्या पक्षाप्रमाणे घेतला असता आकाशाशी जुळतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शनीपुरते सांगायचे तर त्यांनी तो आर्यपक्षाचा घेतला, पण त्यात पाच अंश मिळवले. का? तर पोथीतला शनी आकाशातल्या शनीच्या मागे पडला होता म्हणून.

श्रोते हो, हे पाच अंश म्हणजे किती, ते पाहा. शनी सरासरीने महिन्याला एक अंश चालतो. म्हणजे पोथीत आणि आकाशात सुमारे पाच महिन्यांचे अंतर पडले होते. जुन्या गणिताने ज्याची साडेसाती सुरूच झाली नव्हती, त्याची आकाशाच्या हिशोबाने पाच महिने आधीच लागली होती! पूर्वाचार्यांविषयी अत्यंत आदर असलेल्या त्या माणसाने हा फरक लपवला नाही. जे दिसते त्याप्रमाणे गणित सुधारावे, हे त्याने आपल्याला दाखवून दिले.

पुढे तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे ग्रहलाघवावरूनच होत. एकोणिसाव्या शतकात मुंबईला गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून पंचांगे छापून निघू लागली आणि गावोगाव पोहोचली. पण इतक्या काळात ग्रहलाघवही आकाशापासून ढळले होते. ते प्रथम ठासून सांगितले केरो लक्ष्मण छत्रे यांनी. त्यांनी ग्रहसाधनाची नवी कोष्टके केली आणि १८६५च्या सुमारास पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू झाले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. मग शंकर बाळकृष्ण दीक्षित आले. दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचा हा माणूस पेशाने शिक्षक. नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास लिहिला, तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही त्यावाचून अभ्यासकांचे चालत नाही. व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. त्यांनी नव्या गणिताचे ग्रंथ रचले, आणि नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असे गणित १९११ साली फ्रान्समधल्या ज्योतिष-मंडळाच्या पत्रिकेत छापले. शाळामास्तरांनी केवढे काम करून ठेवले आहे, हे आपल्या गुरुजनांनी मुलांना अवश्य सांगावे.

गणित सुधारले, तरी एक वाद राहिलाच. राशीचक्र गोल आहे. त्याचा आरंभ कोठे धरायचा? लोकमान्य टिळक आणि त्यांच्या बाजूची मंडळी रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून आरंभ धरीत. केतकरांचे म्हणणे, चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरावा. पंचांगशोधनासाठी १९०४ साली मुंबईला परिषद भरली, पुढेही भरल्या, पण वाद मिटेना. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ साली आला आणि तिने चित्रापक्ष धरला. दोन्ही पक्षांत फरक सुमारे चार अंशांचा. म्हणजे शनीच्या चालीने सुमारे चार महिन्यांचा. टिळक पंचांगाप्रमाणे शनी नव्या राशीत आधी जातो, चित्रापक्षीय पंचांगाप्रमाणे नंतर. एकाच माणसाची साडेसाती एका पंचांगात संपलेली असते आणि दुसऱ्यात चार महिने उरलेली असते. आकाशातला शनी मात्र एकच, आणि तो एकाच जागी!

त्यातच तो दरवर्षी सुमारे साडेचार महिने वक्री होतो, म्हणजे मागे जाताना दिसतो. पुढे निघालेल्या आगगाडीतून शेजारची हळू गाडी मागे सरकल्यासारखी दिसते ना, तसाच हा प्रकार. पृथ्वी शनीला मागे टाकून पुढे जाते, म्हणून तो मागे गेल्यासारखा वाटतो. चित्रापक्षाच्या गणिताने २९ एप्रिल २०२२ रोजी शनी कुंभ राशीत आला. धनू राशीच्या लोकांनी सुटलो म्हणून निःश्वास टाकला. १२ जुलैला तो वक्री होऊन पुन्हा मकरेत गेला, आणि १७ जानेवारी २०२३ रोजी परत कुंभेत आला. पुढे २९ मार्च २०२५ रोजी तो मीन राशीत गेला. हे दिवस गणिताचे आहेत आणि गणिताप्रमाणे चोख आहेत. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो फळाबद्दल. येथे वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचाच एक प्रश्न घेऊ. पुष्कळ लोक विचारतात, “चंद्र एवढा समुद्र हलवतो, मग शनी माणसाला का हलवणार नाही?” प्रश्न चांगला आहे, पण याचाही हिशोब होतो. शनीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ७,७०० पट आहे खरे. पण तो आपल्या अगदी जवळ येतो तेव्हाही चंद्राच्या तीन हजार पटींहून दूर असतो. भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाप्रमाणे घटते. दुप्पट दूर गेले की ओढ आठ पटींनी कमी. हा हिशोब पुरा केला तर शनीची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे चाळीस लाखांत एक भाग एवढी भरते. ज्याला भरतीचे पाणी केसभरही हलवता येत नाही, तो त्याच ओढीने होडी कशी बुडवणार?

कोणी म्हणेल, फळ ओढीने मिळत नाही, अनुभवाने कळते. ठीक आहे, तर अनुभवच मोजू. बारांपैकी तीन राशी नेहमी साडेसातीत असतात. म्हणजे चारशे वस्तीच्या वाडीत शंभरेक माणसे, चाळीस मुलांच्या वर्गात दहाएक मुले, कोणत्याही दिवशी साडेसातीत असणारच. साठ वर्षांच्या आयुष्यात पंधरा वर्षे तिच्यात जातात. एवढ्या मोठ्या काळात कोणाच्या घरी दुखणे येत नाही? कोणाचे पीक बुडत नाही? ज्याला पाहायचे असेल त्याने असे करावे : आधी आपल्या आयुष्यातली वाईट वर्षे कागदावर लिहावीत आणि मगच साडेसातीची वर्षे काढावीत. पुष्कळांचे कागद एकत्र केले आणि चारांत एक वर्ष जुळले, तर ते नुसत्या योगायोगानेही जुळलेच असते. आपण उलटे करतो. साडेसाती आहे असे आधी ऐकतो आणि मग प्रत्येक ठेचेचा जमाखर्च तिच्या नावावर मांडतो.

महाराष्ट्रात जन्मकुंडलीच्या फलाचीही अशी परीक्षा झाली आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांबरोबर ती घेतली, आणि २००९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे दिली. बरोबर उत्तरे सरासरी शेकडा ४६ निघाली. छापा की काटा करूनही शेकडा ५० येतात! ही परीक्षा साडेसातीची नव्हती हे खरे, पण साडेसातीचे फळ ज्या शास्त्रावर उभे आहे, त्याचीच होती.

एवढे ऐकून कोणी शनिवारी मारुतीला जाऊन तेल घालू नये, असे मी म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. वाईट दिवसांत “हेही संपेल” असा धीर साडेसातीच्या कल्पनेने अनेकांना दिला आहे, तेही मान्य. पण तिच्या भीतीने पोराचा ताप अंगावर काढणे, ठरलेले लग्न मोडणे, शांतीसाठी सावकाराचे कर्ज काढणे, किंवा एखाद्या सुनेच्या पायगुणावर सगळे खापर फोडणे, यात धीरही नाही आणि धर्मही नाही. तापाला औषध आहे, पिकाला विमा आहे, कर्जाला हिशोब आहे. त्या कामाला उशीर झाला, तर नुकसान खरेच होते, आणि मग लोक म्हणतात, “पाहा, साडेसाती भोवली!”

नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी पोथीत पाच अंश मिळवले, कारण त्यांनी पोथीपेक्षा आकाशाला अधिक मान दिला. कोळीवाड्यातला तांडेलही तिथीवर विश्वास ठेवतो, कारण ती रोज पाण्याशी जुळते. साडेसातीच्या फळालाही आपण हेच माप लावावे. त्याहून कडक नको आणि सैलही नको. शनी पाहायचा असेल, तर एखाद्या निरभ्र रात्री जाणत्या माणसाकडून तो ओळखून घ्या, जमल्यास दुर्बिणीतून त्याची कडी पाहा आणि मुलांनाही दाखवा. एकदा त्याला डोळ्यांनी पाहिले, की त्याची भीती निम्मी तरी कमी होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.