यकृतातील हायडॅटिड गाठीचे ऑपरेशन झाले, मग गोळ्या कशाला?

शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना चघळायला देतात ती आणि यकृतातील हायडॅटिड गाठ काढल्यावर रुग्णाला लिहून दिली जाते ती, दोन्हींत औषध एकच: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. घोटाळा इथूनच होतो. शाळेतले काम एका गोळीत भागते. ऑपरेशननंतरची गोळी सहसा दिवसातून दोनदा आणि किमान महिनाभर घ्यावी लागते. ‘जंताचीच तर गोळी’ म्हणून ती मध्येच सोडली, तर ऑपरेशनवर पाणी पडू शकते.

हा रोग कुत्र्याच्या आतड्यातल्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या टेपवर्मचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात जातात. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात गेली की त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात आणि तो टाकाऊ कोथळा कुत्र्याने कच्चा खाल्ला की चक्र पुन्हा सुरू. माणसाला लागण होते ती अंडी पोटात गेल्याने, मटण खाऊन नव्हे. एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. गाठ मात्र वर्षानुवर्षे गुपचूप वाढते.

गाठीतल्या पाण्यात जंताची सूक्ष्म पिल्ले असतात. ऑपरेशनमध्ये त्यातला थेंबभर पोटात सांडला, तरी तिथे नवी गाठ धरू शकते. म्हणून सर्जन भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे लावतात आणि गोळ्या ऑपरेशनच्या आधीच सुरू करतात. पाणी सांडले असेल किंवा गाठीचा भाग राहिला असेल, तर कोर्स ३ ते ६ महिने लांबवतात, कधी जोडीला प्राझिक्वांटेलही देतात. पूर्वी २८ दिवस गोळ्या आणि १४ दिवस खाडा अशी पद्धत होती. आता सलग देण्याकडे कल आहे. त्यामुळे नात्यातल्या कुणाची जुनी चिठ्ठी बघून गोळ्या घेऊ नयेत. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

गोळी उपाशीपोटी घेतली तर फारशी अंगी लागत नाही. तूप-भात, लोणी-भाकरी, साईचे दूध अशा स्निग्ध जेवणाबरोबर घेतली की औषध रक्तात सुमारे पाचपट उतरते. ऑपरेशननंतर घरोघरी बिनतेला-तुपाचे पथ्य सुरू होते, तेव्हा हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

कोर्स चालू असताना साधारण दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, पांढऱ्या पेशी घटू शकतात. केस गळतात, पण ते परत येतात. ताप, घसा दुखणे, कावीळ दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे औषध टाळतात, म्हणून बायकांची आधी गर्भतपासणी होते. फिटच्या काही गोळ्यांनी अल्बेंडाझोलचा जोर कमी पडतो, त्या चालू असतील तर सांगाव्यात.

गाठ काही वर्षांनीही उलटू शकते, त्यामुळे सोनोग्राफी सुटता कामा नये. रक्तातली हायडॅटिडची चाचणी मात्र बरे झाल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते. तेवढ्यावरून गाठ उलटली असे धरू नये.

ऑपरेशन एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागात नेहमीचेच. गावच्या डॉक्टरांना पुढचा कोर्स चालवायचा असतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर पाणी सांडले होते का, गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी थांबवायची आणि पहिली सोनोग्राफी केव्हा, हे लिहून घेऊनच निघावे.