फ्लोरिडाची २५ मते

तारीख ७ नोव्हेंबर २०००. तुम्ही फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत अमेरिकी अध्यक्षपदाच्या मतदानाला उभे आहात. पुढ्यात पुस्तकासारखी उघडलेली मतपत्रिका आहे. नावे दोन्ही पानांवर आणि मध्ये भोकांची एकच उभी रांग. हातात टोचा. डाव्या पानावर सर्वात वर जॉर्ज बुश, त्यांच्याखाली अल गोर. गोर यांना मत द्यायचे म्हणून तुम्ही दुसऱ्या भोकाकडे हात नेता. थांबा! ते भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. गोर यांचे तिसरे. आज या एका काउंटीत १९ हजारांहून जास्त मतपत्रिका एकाहून अधिक भोके पडल्यामुळे बाद होणार आहेत.

आता वरच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचा. उमेदवाराला दिलेले मत हे प्रत्यक्षात त्याच्या इलेक्टरांना दिलेले मत असेल, असे तिथे छापले आहे. म्हणजे तुम्ही निवडताय ती पुढे अध्यक्ष निवडणारी २५ माणसे, आणि त्यांची नावेही समोर नाहीत. लोकप्रतिनिधीगृहात तेव्हा फ्लोरिडाचे २३ सदस्य, सिनेटमध्ये २, म्हणून २५. याच हिशेबाने चिमुकल्या लोकसंख्येच्या वायोमिंगलाही ३ मिळतात. राजधानी वॉशिंग्टनची ३ धरून देशभरात ५३८. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यात जो पुढे तो सगळी मते घेऊन जातो, मग आघाडी एका मताची का असेना. राज्यघटनेत असे कुठेही म्हटलेले नाही. इलेक्टर कसे नेमायचे हे तिने राज्यांवर सोडले आणि राज्यांनी हा कायदा केला.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, फेरमोजणी चालू असताना, ब्रॉवर्ड काउंटीत या. न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग चष्मा कपाळावर सरकवून, डोळे विस्फारून भिंगातून एक कार्ड बघताहेत. भोकाचा कागदी तुकडा पुरता सुटलेला नाही, एका कोपऱ्याला लोंबतोय. मतदाराच्या मनात काय होते? उजेडासमोर धरून ठरवायचे. एवढी तगमग का, ते आकड्यांत दिसते. बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७. त्यावर २५ मते अख्खी इकडे किंवा अख्खी तिकडे.

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. १८ डिसेंबरला फ्लोरिडाचे २५ इलेक्टर राजधानी टॅलाहासीत जमले आणि सर्वांनी बुश यांना मत दिले. गोर यांच्या २९ लाख मतदारांच्या वतीने त्या खोलीत एकही जण नव्हता. मला या व्यवस्थेत सर्वात जास्त बोचते ते हेच. हरलेल्यांचे मत कमी मोजले गेले असे नाही, राज्याची हद्द ओलांडताना ते उरलेच नाही.

६ जानेवारी २००१. आता तुम्ही वॉशिंग्टनला, संसदेच्या संयुक्त बैठकीच्या सज्जात आहात. उपाध्यक्ष या नात्याने अध्यासनावर खुद्द गोर. अलाबामापासून एकेका राज्याचे पाकीट फुटते. राजधानीच्या तीन इलेक्टरांपैकी एकीने मतपत्रिका कोरी ठेवली आहे; राजधानीला संसदेत पूर्ण प्रतिनिधित्व नाही, याचा तो निषेध. मग फ्लोरिडा. कृष्णवर्णीय सदस्य एकामागून एक हरकतीला उभे राहतात. कृष्णवर्णीय मतदारांची नावे यादीतून चुकीने वगळल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्या आहेत. गोर प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात, हरकतीवर एखाद्या सिनेटरची सही आहे का? १८८७च्या कायद्याने तेव्हा ती लागत असे. शंभरातल्या एकाही सिनेटरने सही केलेली नाही. ज्या हरकतींनी त्यांचाच फायदा झाला असता, त्या गोर एकेक करून फेटाळतात.

मग ते बेरीज वाचतात, बुश २७१, गोर २६६. देशभरात त्यांना बुश यांच्यापेक्षा ५ लाख ४० हजारांहून अधिक मते पडली होती. त्या आकड्यासाठी या बैठकीत रकानाच नाही.