कवायत

२६ जानेवारीला शेजारच्या शाळेत मुलांची कवायत पाहत होतो. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीच्या बुटाची नाडी सुटलेली, पण पाऊल चुकत नव्हतं. ‘कवायत’ हा शब्द तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे.

मूळ अरबी ‘कवाइद’. हे ‘काइदा’चं अनेकवचन, म्हणजे आपल्या ‘कायद्या’चंच! कवायत म्हणजे मुळात ‘नियम’. काइदा म्हणजे पायाही, आणि त्यामागचा धातू ‘बसणे’ या अर्थाचा. बसण्यातून निघालेला शब्द पावलं टाकायला लागला, याचं मला फार अप्रूप वाटतं. उर्दूत तर कवाइद म्हणजे व्याकरण. तिथे शब्द नियमाने चालतात, आपल्याकडे माणसं.

फारसीच्या वाटेने तो मराठीत रुळला आणि ‘द’चा ‘त’ झाला. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकडून युरोपीय पद्धतीने तयार करवून घेतलेले कंपू, म्हणजे फौजेच्या तुकड्या, ते ‘कवायती’ सैन्य. ठरल्या हुकमावर एकत्र हलणारं.

आता शिवाजी पार्कवर १ मे रोजी होतं ते ‘संचलन’, पोलिसांची ‘परेड’. कवायत उरली शाळेच्या मैदानापुरती. आणि बातम्यांत ‘जागावाटपाची कवायत’ चालते, म्हणजे नुसती दमछाक. तिथे मला हा शब्द खटकतो. त्या खटाटोपात नियम कुठे असतो?