नेपल्सचे वाद्य, वऱ्हाडचे कान

मेंडोलिन हे वाद्य मूळचे इटलीचे, आणि त्यातही आज सर्वत्र दिसणारे त्याचे रूप नेपल्स शहराचे. पेरू उभा चिरावा तशी पोटाची गोलाई, आखूड मान, आणि दोन-दोनच्या चार जोड्यांत ताणलेल्या आठ तारा. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या विनाचिया घराण्यातील पास्क्वाले या कारागिराने त्यावर पोलादी तारा चढविल्या. त्यामुळे आवाज खणखणीत झाला आणि रस्त्यावरचे हे वाद्य दिवाणखान्यात जाऊन बसले. इटलीची राणी मार्गेरिता स्वतः मेंडोलिन वाजवीत असे. राणीने हाती घेतलेले वाद्य सरदार-सावकारांच्या लेकीसुनांनी शिकावे, यात नवल ते काय! व्हेर्दीने १८८७ च्या आपल्या ‘ओथेल्लो’ या संगीतिकेतही त्याला जागा दिली.

तारेवर आघात केला की नाद उमटतो आणि लगेच विरतो. गळ्यासारखा तो लांबविता येत नाही. यावर इटालियन वादकांनी तोड काढली ती अशी, की नखीने तीच तार अतिशय वेगाने वर-खाली छेडत राहायची, म्हणजे तुटक थेंबांची धार होते. या कंपनामुळेच प्रेमगीते, नौकागीते, वॉल्ट्झ हा सारा हळवा पसारा मेंडोलिनला पेलता आला. कार्लो म्युनियर (मृत्यू १९११) आणि राफाएले कालाचे (१८६३–१९३४) हे दोघे त्या दिवाणखानी संगीताचे मोठे रचनाकार. त्यांपैकी कालाचे स्वतः वाद्ये घडविणाऱ्या घरातला.

त्या काळच्या इटलीत संगीतिकेचा नखरा चर्चमध्येही शिरला होता. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पत्रक काढून उपासनेतील नाटकी थाटाला आवर घातला आणि पियानोलाही मंदिराबाहेर ठेवले. मेंडोलिन बिचारे आधीच दिवाणखान्यात होते. ते तिथेच राहिले.

आपल्याकडे पाश्चात्त्य सुरावट रुजली ती प्रामुख्याने गोव्यातून. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. मेंडोलिनच्या चार जोड्या व्हायोलिनच्याच स्वरांत लावलेल्या असतात. त्यामुळे ज्याची बोटे व्हायोलिनवर बसली त्याला मेंडोलिन निम्मे येतच असे. सासष्टीच्या भाटकारांच्या दिवाणखान्यात याच सुमारास ‘मांडो’ बहरत होता. विरहाचे, मंदगतीचे, जोडीने नाचायचे हे कोंकणी गीत. इटलीच्या दिवाणखानी गीताचे हे दूरचे भावंडच म्हणावे, मात्र याच्या साथीला घुमट असे.

पोट भरण्यासाठी गोव्याचा वादक मुंबईला आला. धोबी तलावाच्या परिसरात त्याची वस्ती झाली. बोलपट आल्यावर स्वरलिपी वाचणाऱ्या या माणसांची चित्रपटांना मोठीच गरज पडली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक थोर नाव. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर बांधलेला वाद्यवृंदाचा कार्यक्रम सादर केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला बसविले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे ज्यांच्याशी जोडले गेले, ते लक्ष्मीकांत कुडाळकर हे मेंडोलिनवादक. १९३७ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मले म्हणून नाव लक्ष्मीकांत. प्रत्यक्षात वडील लवकर गेले आणि घरात लक्ष्मीचा पत्ता नव्हता. कोवळ्या वयात या मराठी मुलाने मेंडोलिनवर घर चालविले. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमधील कार्यक्रमात त्याचे वादन लताबाईंच्या कानी पडले आणि तिथून कामे मिळू लागली. इटलीच्या राणीचा छंद पार्ल्याच्या एका पोरक्या मुलाची भाकरी झाला.

सज्जाद हुसेन यांची वाट याहून निराळी. माळव्यातील सीतामऊचे हे संगीतकार मेंडोलिनवर चक्क रागदारी वाजवीत. मेंडोलिनला पडदे असतात, त्यामुळे मींड घेणे महाकर्मकठीण. सज्जादांनी तारा ओढून आणि घसरवून ती मिळविली. मला तर वाटते, कालाचेनंतर या वाद्याला इतका जिद्दी माणूस क्वचितच लाभला असेल.

आता वऱ्हाडाकडे वळू. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. अकोल्याचा आणि बडनेऱ्यामार्गे अमरावतीचा कापूस याच वाटेने मुंबईच्या बंदराला गेला. परतीच्या गाड्यांतून कापड आले, पेट्या आल्या, पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही आल्या. इटालियन मेंडोलिनच्या मैफली मात्र या वाटेने वऱ्हाडात रुजल्या नाहीत. वऱ्हाडाने मेंडोलिन ऐकले ते रेडिओवर: १९५२ पासून बुधवारी रात्री सिलोनवर लागणाऱ्या ‘बिनाका गीतमाले’त आणि १९५७ नंतर ‘विविध भारती’वर. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत दहा-वीस मात्रा झिणझिणून जाणारे ते वाद्य कोणते, हे ऐकणाऱ्याला कोणी सांगत नसे. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई. वादकांची नावे बहुधा येत नसत. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील नायकाला प्यारेलालांच्या गुरूचे नाव मिळाले आणि ते घरोघर पोहोचले. पण हा अँथनी गोन्साल्विस खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

कालाचे १९२४ साली जपानला गेला होता. तिथे त्याचे ऐकून विद्यार्थ्यांचे मेंडोलिनवृंद फोफावले. ते आजही त्याच्या रचना वाजवितात. जपानने वाद्याबरोबर त्याची वहीदेखील घेतली. आपण वाद्य घेतले आणि वही सोडून दिली. यात तोटा झाला असे मी म्हणणार नाही, कारण मींड त्या वहीत नव्हतीच. तरी कालाचेचे एखादे प्रेल्यूड अमरावतीच्या शाळेच्या सभागृहात एकदा तरी ऐकायला मिळावे, अशी इच्छा राहते. व्हॅटिकन महासभेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला, आणि योग्य अनुमतीने इतर वाद्यांनाही मंदिराचे दार उघडले. तेव्हा पेटी-तबल्याशेजारी मेंडोलिन बसले, तर कोणाची हरकत नसावी.

सज्जाद हुसेन २१ जुलै १९९५ रोजी मुंबईत वारले. पुढे तीनच महिन्यांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ प्रदर्शित झाला आणि मोहरीच्या शेतात उभ्या असलेल्या नायकाच्या हातातले मेंडोलिन साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले.