अकरा बोटांचा दगड

मंडळी, आमच्या शिवऱ्याहून खेड शिवापूर जवळच. तिथल्या कमर अली दरवेशांच्या दर्ग्यातला दगड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अकरा जणांनी एकेक बोट लावायचं, बाबांचं नाव घ्यायचं, की दगड वर जातो. कॉलेजात असताना एकदा मी त्या अकरांत होतो. धाकटा भाऊ बाजूला उभा राहून बघत होता. परतताना म्हणाला, "दादा, नेमका कुणाच्या बोटाने उचलला रे?" मला उत्तर देता आलं नाही.

आता एक कबुली. आपल्या नातेवाइकांपैकी अनेकांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की धाकटा मुंबईला नोकरीला आहे. ते खोटं होतं. १९७९ साली, बाविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. तो घरातच होता, मागच्या खोलीत. आधी देवऋषी झाले, मग पुण्याचे डॉक्टर. औषधाने आवाज कमी झाले, पण गोळी घ्यायला तो तयार नसे. मग आई आणि मी त्याच्या चहात गोळी विरघळवू लागलो. एक दिवस त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घरचं खाणंच सोडलं. मुलांना वर्गात 'सत्य' या विषयावर निबंध लिहायला सांगणारा मास्तर घरी हे करत होता.

या कोंडीतून मला बाहेर काढलं ते समूह-उपचाराने. म्हणून त्याचा इतिहास थोडा वाचून काढला. गंमत अशी की त्याचा उगम मनाच्या आजारात नाही, क्षयरोगात आहे.

१९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर होते. सॅनेटोरियमचा खर्च न झेपणारे गरीब क्षयरोगी त्यांच्याकडे येत. प्रत्येकाला वेगळं समजावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. विश्रांती, मोकळी हवा, आहार यांची माहिती द्यायची, वह्या तपासायच्या. त्याला ते 'क्लास'च म्हणत. मास्तर म्हणून मला हे फार आवडलं! हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की एकाचं वजन वाढलेलं पाहून दुसऱ्याला उभारी येते. हे काम त्यांच्या व्याख्यानाने झालेलं नव्हतं.

१९३५ साली अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. एकमेकांशी बोलत राहिलं की पिण्याची ओढ आवरता येते, हे त्यांना कळलं आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेले सैनिक पुष्कळ आणि मानसोपचारतज्ज्ञ थोडे, अशी वेळ इंग्लंडवर आली. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात डॉ. फोक्स आणि इतरांनी सैनिकांना गटाने बसवून उपचार केले. म्हणजे बघा, कधी गरिबी, कधी टंचाई. नाइलाजाने काढलेल्या वाटेवर असं काही गवसलं, जे डॉक्टर आणि रुग्ण दोघेच समोरासमोर बसून मिळत नव्हतं.

आपल्या देशात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही आवारात तंबूंमध्ये राहायला बोलावलं. आजार समजून घेऊन माणसं आपल्या माणसाला घरी नेऊ लागली.

आणि आपलं पुणं! २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी ते उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार मिळाला. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे समुपदेशक झाली, आणि रुग्णांच्या पत्नींचेही गट भरू लागले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली. काम मात्र चालू आहे.

स्किझोफ्रेनियासाठी असं काम केलं ते डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. मूळ धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारामुळे हे दुःख त्यांच्या घरातलंच होतं. पुण्यात त्यांनी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. रुग्णांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे स्वमदत गट हा तिथल्या कामाचा महत्त्वाचा भाग. २००४ चा 'देवराई' चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराने झाला.

इथे एक फरक सांगायला हवा. समूह-उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ गट चालवतो. स्वमदत गटात समदुःखीच एकमेकांना सांभाळतात. दोन्हींत एक नियम समान: इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. आणि दोन्ही औषधाच्या जोडीला असतात, औषधाच्या जागी नाही.

मी पहिल्यांदा पुण्यातल्या अशा एका गटात गेलो ते २००३ साली. आठ-दहा माणसं गोल बसलेली. मी ठरवलं होतं, नुसतं ऐकायचं. एक बाई म्हणाल्या, "मुलगा अंघोळ करत नाही. मला त्याचा राग येतो, आणि मग त्या रागाचीच लाज वाटते." चोवीस वर्षं जे माझ्या छातीत होतं, ते परक्या बाईच्या तोंडून बाहेर आलं. माझी पाळी आली तेव्हा एवढंच म्हणालो, "माझा भाऊ मुंबईला नसतो." कुणी दचकलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी पाण्याचा पेला पुढे केला.

चहातल्या गोळीचं सांगायला मला आणखी तीन बैठका लागल्या. तेव्हा कळलं, आणखी दोघांनी तेच केलं होतं. एकाने सांगितलं, "आम्ही मुलाची माफी मागितली. मग डॉक्टरांसमोर त्यालाच विचारलं, गोळीने तुला काय त्रास होतो?" मी घरी येऊन तसंच केलं. धाकटा म्हणाला, हात थरथरतात, लोक बघतात. इतक्या वर्षांत हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं! डॉक्टरांनी औषध बदललं. तो पूर्ण बरा झाला असं नाही. पण गोळी स्वतःच्या हाताने घेऊ लागला, आणि पुढे रुग्णांच्या गटात माझ्याबरोबर एसटीने येऊ लागला.

आई तोवर नव्हती. तिने हे सगळं एकटीने सोसलं, कारण मी घराचं दार लावून घेतलं होतं. ते मला लागून राहिलं आहे.

हा लेख आधी धाकट्याला वाचून दाखवला. त्याची परवानगी मिळाली, पण एक दुरुस्ती त्याने सुचवली. मी कुठेतरी 'बिचारा' लिहिलं होतं, ते काढायला लावलं. मग थोडा वेळ अंगणात बसून म्हणाला, "दादा, त्या दगडाचं मी विचारलं होतं, आठवतं?"

असो. नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी शिवऱ्याला आलात तर मागच्या खोलीतही डोकावा. तो चहा छान करतो.