ठराव कुणाचा, अंमल कुणाचा?

1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. कारण ठराव कागदावरच होता. तेव्हापासून आपण जाणतो, की ठराव करणाऱ्याइतकाच अंमल करणाराही महत्त्वाचा.

अमेरिकेत अनेक शहरांत या अंमल करणाऱ्याला 'सिटी मॅनेजर' म्हणतात. 1913 च्या महापुरानंतर डेटन शहराने ही पद्धत स्वीकारली. निवडून आलेली परिषद त्याला नेमते. तो अर्थसंकल्प मांडतो, खातेप्रमुख नेमतो, परिषदेचे निर्णय राबवतो. चुकला तर परिषद त्याला काढते. लोकशाही आहे ती या काढण्याच्या अधिकारात.

तो अधिकार गेला की काय होते? बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या फ्लिंट शहरावर मिशिगन राज्याने 'इमर्जन्सी मॅनेजर' बसवला. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराला नदीचे पाणी दिले गेले. जुन्या नळांतले शिसे मुलांच्या रक्तात उतरले. मार्च 2015 मध्ये परिषदेने 7 विरुद्ध 1 मतांनी ते पाणी बंद करण्याचा ठराव केला. तेव्हाच्या मॅनेजरने तो धुडकावला.

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. वस्तीतल्या कोरड्या नळाचा जाब विचारायचा कुणाला? कार्यक्षम अधिकारी आम्हालाही हवा. पण तो आमच्या मताला बांधलेला हवा.

जय भीम!