सांकेतिक भाषेचे दुभाषी : प्रशिक्षण आणि जबाबदारी

कर्णबधिर व्यक्तीला प्रायश्चित्त संस्कार घ्यावयाचा असो, न्यायालयात साक्ष द्यावयाची असो वा डॉक्टरांना दुखणे सांगावयाचे असो, आपल्याकडे बहुधा आई किंवा भावंडेच मध्यस्थी करतात. त्यामागे माया असते. परंतु घरच्यांसमोर जे सांगता येत नाही, ते मनातच राहते. म्हणूनच प्रशिक्षित दुभाष्याची गरज आहे.

ख्रिस्तसभेने ही गरज ओळखली आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम ९९० नुसार दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येते. कलम ९८३ त्या दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन घालते. विवाहसंस्कारासाठी दुभाषी असल्यास तो विश्वासू असल्याची धर्मगुरूंनी खात्री करून घ्यावी, असे कलम ११०६ सांगते. देशाच्या कायद्यातही बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घ्यावे, अशी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ मध्ये आहे.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कोठे राहतोस?’ हा प्रश्न त्या भाषेत ‘तू – राहणे – कोठे’ अशा क्रमाने येतो आणि भुवया व चेहरा यांनाही अर्थ असतो. म्हणून केवळ काही खुणा पाठ करून कोणी दुभाषी होत नाही.

या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी त्यासाठी अर्ज करू शकतात. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि २०१५ साली नवी दिल्लीत स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही त्याची प्रमुख स्थाने होत. या केंद्राच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. गुप्तता पाळणे, स्वतःची भर न घालणे आणि निःपक्ष राहणे ही दुभाष्याची व्यावसायिक शिस्त आहे.

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्हा येतो. तेथून मुंबईला शिकावयास जाणे खर्चाचे आहे. ज्यांच्या घरी कर्णबधिर आईवडील वा भावंडे आहेत अशा युवकयुवतींना धर्मग्रामांनी हा मार्ग दाखवावा व शिक्षणास हातभार लावावा, अशी आम्ही विनंती करतो.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या मनुष्याला गर्दीपासून एका बाजूला नेतो आणि स्पर्शाने त्याच्याशी संवाद साधतो. तो एकांत व तो सन्मान आपल्या कर्णबधिर बंधुभगिनींनाही लाभला पाहिजे.